रोज ऑफिस आणि सोबत कॅमेरा: मेसेंजर बॅगेची साइज कशी ठरवायची

मेसेंजर बॅग, म्हणजे एका पट्ट्याची, छातीवरून तिरकी घालायची बॅग, घ्यायची ठरवली की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, किती लिटरची घेऊ. माझं म्हणणं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. लिटर म्हणजे आतली रुंदी गुणिले उंची गुणिले जाडी भागिले १०००, बस, आणि कॅमेरा काही पाणी नाही की कुठल्याही आकारात ओतला आणि बसला. ४० बाय २८ बाय १२ सेंमीची बॅग घ्या, साधारण साडेतेरा लिटर. आता ४२ बाय ३२ बाय १० घ्या, तीही तेवढीच, अगदी तेवढीच, करून बघा गुणाकार. पण पहिलीत फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा लेन्स खाली करून उभा राहतो आणि दुसरीत बॅगेचं पोट फुगतं, फ्लॅप (वरचं झाकण) ओढून लावावा लागतो आणि कॅमेरा लॅपटॉपच्या पाठीवर दाबून बसतो. लिटर सारखेच, पण एक बॅग रोज वापराल आणि दुसरी कपाटात जाईल.

मी हे दोन बॅगा चुकल्यावर शिकलो. पहिली घेतली वीस लिटरच्या आसपासची, विचार असा की एकदाच घ्यायची तर सगळं मावलं पाहिजे, डीएसएलआर (आत आरसा असलेला जाड कॅमेरा), तीन लेन्स, लॅपटॉप, डबा, छत्री, सगळं. मावलं पण. आणि मावतंय म्हणून मी भरत गेलो, एक दिवस वजन केलं तर पावणेआठ किलो, एका खांद्यावर. दोन महिन्यांत काय झालं तर कॅमेरा घरी राहायला लागला, आणि ज्या कॅमेऱ्यासाठी बॅग घेतली तोच सोबत नाही म्हटल्यावर अर्थच संपला. दुसरी घेतली ती त्या रागात एकदम सडपातळ, दिसायला छान, पण ती मुळात लॅपटॉपची बॅग, आतली जाडी जेमतेम ९ सेंमी. तिसऱ्या वेळेला मात्र मी आधी टेप घेतली आणि मग बॅग शोधली, ती बॅग अजून चालू आहे. तोच क्रम खाली सांगतोय.

आधी हे ठरवा की बॅग कुठल्या दिवसासाठी घेताय. बहुतेक लोक मनात सगळ्यात मोठा दिवस धरतात, म्हणजे तो एक दिवस जेव्हा लग्नाचे फोटो काढायचेत किंवा ट्रिपला जायचंय, आणि मग वर्षातले बाकीचे दिवस तो मोठा डबा खांद्यावर वागवतात. तुम्ही साधा दिवस धरा. येणारे पाच-सहा दिवस रोज संध्याकाळी घरी आल्यावर सोबत काय काय नेलं ते फोनवर लिहून ठेवा, प्रत्येक वस्तूपुढे ती वापरली की नाही तेही. मला स्वतःला धक्का बसला होता, दुसरी झूम लेन्स आठवडाभर नुसती फिरून आली होती, आणि जी छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) मी घरी ठेवायचो तीच दोनदा हवी होती. या यादीत जे चार-पाच दिवस तरी आलं तेवढंच बॅगेत धरायचं, मोठ्या दिवसासाठी दुसरी बॅकपॅक असू दे, जुनी असली तरी चालते.

आता ती यादीतली प्रत्येक वस्तू टेबलावर मांडा, आणि नुसती पसरू नका, बॅगेत जशी राहणार तशी मांडा. कॅमेरा लेन्स लावूनच, लेन्स खाली तोंड करून उभा, त्याच्या शेजारी दुसरी लेन्स उभी, शेजारी चार्जर-बिर्जरचं पाऊच, मागे लॅपटॉप भिंतीसारखा उभा धरा, कोणालातरी धरायला सांगा किंवा पुस्तकांना टेकवा. प्रत्येक दोन वस्तूंच्या मध्ये बोटभर जागा सोडा, साधारण १ सेंमी, कारण तिथे डिव्हायडर, म्हणजे मधला फोमचा पडदा, येणार. मग टेपने तीन मापं घ्या, डावीकडून उजवीकडे किती, खालून वर किती, पुढून मागे किती. झालं, हीच तुमची बॅग, बाकी सगळी खरेदी म्हणजे या तीन आकड्यांच्या जवळ जाणारी वस्तू शोधणं. जमलं तर त्याच मापाचा पुठ्ठ्याचा बॉक्स कापून चिकटवा आणि त्यात सगळं ठेवून बघा, दहा मिनिटांचं काम आहे पण फोटोत जी बॅग आटोपशीर वाटते ती खरी केवढी असणार ते बॉक्स कमरेला लावून आरशात बघितल्यावर लगेच कळतं.

या तीन मापांवर वेगवेगळ्या वस्तूंचा हक्क असतो, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. रुंदी लॅपटॉप ठरवतो, उंची सगळ्यात लांब लेन्स ठरवते, आणि जाडी कॅमेऱ्याची बॉडी ठरवते.

रुंदीचं सोपं आहे म्हणून पटकन सांगतो. लॅपटॉपचे इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, लॅपटॉपचं माप नव्हे, त्यामुळे "१५ इंची बसतो" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. उदाहरण बघा, जुना १५.६ इंची, १६ बाय ९ प्रमाणाच्या स्क्रीनचा लॅपटॉप आणि नवा १६ इंची, १६ बाय १० प्रमाणाचा, दोघांच्या स्क्रीनची रुंदी जवळपास सारखीच, साडेचौतीस सेंमी, पण उंची पहिल्याची साडेएकोणीस आणि दुसऱ्याची साडेएकवीस. म्हणजे नवा लॅपटॉप रुंदीला बसतो आणि वरून दोन सेंमी डोकावतो, झिप लागत नाही. म्हणून स्वतःचा लॅपटॉप मोजा. १४ इंची मॅकबुक प्रो साधारण ३१ बाय २२ सेंमी भरतो, १६ इंची साडेपस्तीस बाय पंचवीस. त्यात रुंदीला दीड-दोन सेंमी मोकळे धरा, कव्हर घालत असाल तर कव्हरसकट मोजा. ए४ कागद नेत असाल तर तो २९.७ सेंमी लांब असतो, आडवा ठेवला की ३१-३२ रुंदीत बसतोच, वेगळी काळजी नको. आणि लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापर्यंत जातो की थोडा वर संपतो ते हात घालून बघा, तळाला टेकणारा असेल तर बॅग जमिनीवर ठेवली की दणका थेट लॅपटॉपच्या कडेला बसतो, दीड-दोन सेंमी वर लटकणारा कप्पा चांगला.

रुंदीतच पुढच्या बाजूचा हिशोबही होतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची बॉडी साधारण १३ सेंमी रुंद असते, शेजारी एक मध्यम लेन्स ८ सेंमी, पाण्याची बाटली घालणार असाल तर ती ७-८ सेंमी, आणि मध्ये दोन डिव्हायडर, झाले ३१. म्हणजे १४ इंची लॅपटॉपच्या बॅगेत कॅमेरा, एक लेन्स आणि बाटली एका ओळीत बसतात, चौथी वस्तू बसत नाही. चौथी हवीच असेल तर एकतर बाटली बाहेर काढा किंवा ३७-३८ रुंदीकडे जा. बाटली बाहेरच्या खिशात असलेलीच बरी असं माझं ठाम मत आहे, झाकण कितीही घट्ट असू दे, कॅमेऱ्याच्या कप्प्यात पाणी नको.

उंचीला लोक कमी लेखतात. कॅमेरा लेन्स खाली करून ठेवला की त्याची बॅगेतली उंची म्हणजे लेन्सची लांबी अधिक बॉडीची जाडी. सोनी ए७ फोरला २४-७० एफ २.८ जी मास्टर झूम लेन्सची दुसरी आवृत्ती लावली तर लेन्स १२ सेंमी आणि बॉडी ग्रिपसकट ८, म्हणजे २० सेंमी. तेच फुजीफिल्म एक्स-टी५ आणि १८-५५ लेन्स असेल तर सात अधिक साडेसहा, साडेतेरा सेंमीत काम होतं, आणि वर जी जागा उरते तिथे हेडफोन, पाकीट, टोपी, जे काय असेल ते राहतं. बॅगेची आतली उंची २६-२७ असेल तर पहिल्या केसमध्ये वर वळकटी केलेलं जॅकेटसुद्धा जाणार नाही, आणि दुसऱ्या केसमध्ये अर्धी बॅग मोकळी. त्यामुळे दुसऱ्या कोणीतरी "या बॅगेत माझं सगळं मावतं" म्हटलं की आधी विचारा कॅमेरा कुठला, लेन्स कुठली.

७०-२०० या लांब झूम लेन्सवाल्यांसाठी वेगळं सांगतो कारण एकटी ती लेन्स बॅगेची साइज बदलते. कॅननची जुनी ईएफ ७०-२०० एफ २.८ दुसरी आवृत्ती १९.९ सेंमी लांब आणि १४९० ग्रॅम. त्याच कॅननची आरएफ माउंटवाली (मिररलेससाठीची) पहिली ७०-२०० एफ २.८ मिटलेली असताना १४.६ सेंमी आणि १०७० ग्रॅम, कारण ती झूम करताना बाहेर येते. सोनीची ७०-२०० जी मास्टर, दुसरी आवृत्ती, १०४५ ग्रॅम म्हणजे हलकी, पण लांबी २० सेंमीच, ती आतल्या आत झूम होते. म्हणजे वजनाने हलकी झाली म्हणून बॅग लहान चालेल असं नाही, पाच सेंमीचा फरक उंचीत तसाच राहतो. आणि ही लेन्स बॉडीला लावलेली ठेवायची असेल तर मेसेंजर बॅगेचा नाद सोडा, २८ सेंमी उंच उभा कप्पा रोजच्या बॅगेत मिळाला तरी तो कमरेला बोचतो. काढून शेजारी उभी ठेवा, आतली उंची २२ च्या पुढे हवी.

आता जाडी. माझ्या मते खरेदी इथेच फसते म्हणून जरा थांबून सांगतो. कॅमेरा लेन्स खाली करून ठेवला की बॉडीची उंची बॅगेच्या जाडीत येते. कसाही फिरवून बघा, अगदी चपट्या लेन्सचे कॅमेरे सोडले तर लेन्स लावलेला कॅमेरा त्याच्या बॉडीच्या उंचीपेक्षा कमी जाडीत बसतच नाही, आडवा केला तरी नाही. तर आकडे असे, रिको जीआर थ्री ६.२ सेंमी, फुजी एक्स१००व्ही साडेसात, एक्स-टी५ ९.१, सोनी ए७ फोर ९.६, कॅनन आर६ मार्क टू ९.८, निकॉन झेड६ टू १० च्या जरा वर, आणि निकॉन डी८५० एकदम १२.४. यात इन्सर्टचा, म्हणजे बॅगेत घालायच्या फोमच्या डब्याचा, फोम दोन्ही बाजूंचा मिळून दीड-दोन सेंमी घाला, मागे लॅपटॉप दीड-दोन सेंमी घाला, मधला पडदा घाला. ए७ फोरला बाहेरून १४ सेंमी झाले बघता बघता, डी८५० ला १७ च्या जवळ. १४ पर्यंत बॅग अंगाला चिकटून राहते, १७ म्हणजे दारातून जाताना, सीटच्या मधून जाताना ती कोणाला ना कोणाला लागते आणि तुम्ही दिवसभर सॉरी म्हणत राहता. डीएसएलआरवाल्यांनी म्हणूनच लॅपटॉप आणि कॅमेरा एकाच मेसेंजरमध्ये न्यायचा हट्ट करू नये असं मला मनापासून वाटतं, एक दिवस लॅपटॉप, एक दिवस कॅमेरा, किंवा मग दोन पट्ट्यांची बॅग.

जाडी वाढवणाऱ्या दोन छुप्या गोष्टी. एक म्हणजे ट्रायपॉडची प्लेट किंवा एल ब्रॅकेट (बॉडीला बसणारी एल आकाराची पट्टी), बॉडीच्या बुडाला कायम लावून ठेवता ना, ती सेंमी-दीड सेंमी वाढवते. दुसरी म्हणजे लेन्सवर उलटा लावलेला हूड (ऊन अडवणारी कड), त्याने लेन्सचा व्यास वाढतो आणि डिव्हायडरमध्ये घालताना-काढताना अडकतो. मोजताना या दोन्ही लावूनच मोजा, कारण खऱ्या आयुष्यात तुम्ही त्या काढणार नाही. बॉडीवरून लेन्स काढून वेगळी ठेवली तर जाडीत नक्की वाचतं, एक्स-टी५ ची बॉडी मग साडेसहातच बसते, पण समोर काहीतरी घडलं की लेन्स लावेपर्यंत ते संपलेलं असतं, आणि रोज कॅमेरा सोबत नेण्याचं कारणच ते "समोर काहीतरी घडलं" असतं. मी तरी लावूनच ठेवतो.

मापं झाली, आता वजन, कारण मेसेंजर बॅगेत जागा संपायच्या आधी खांदा संपतो. माझ्या यादीसारखी एक यादी करून बघू. १४ इंची लॅपटॉप १.६ किलो, त्याचा चार्जर ३०० ग्रॅम, एक्स-टी५ बॅटरी-कार्डसकट ५५७ ग्रॅम, १८-५५ लेन्स ३१०, २३ एमएम एफ २ लेन्स १८०, भरलेली स्टीलची बाटली एक किलो धरा, डबा ७०० ग्रॅम, किल्ल्या-पाकीट-पॉवर बँक ३००, आणि रिकामी बॅग स्वतः सव्वा किलोच्या आसपास. सहा किलोच्या वर गेलं, आणि यात कॅमेऱ्याचा वाटा एक किलो जेमतेम! सगळ्यात जड काय तर लॅपटॉप, बॅग आणि पाणी. त्यामुळे वजन कमी करायचं म्हणून लेन्स घरी ठेवणारे लोक चुकीच्या ठिकाणी कापतायत. चार्जर एक ऑफिसमध्येच ठेवून द्या, बाटली रिकामी नेऊन तिथे भरा, इथेच एक किलोच्या आसपास गेलं आणि फोटो काढायला काही कमी पडलं नाही.

किती वजन चालेल हे माणसागणिक बदलतं, मला विचाराल तर एका खांद्यावर साडेचार-पाच किलोपर्यंत अर्धा-पाऊण तास ठीक जातो, त्यापुढे माझी मान संध्याकाळी बोलायला लागते. पाठीचं किंवा मानेचं जुनं दुखणं असेल तर मेसेंजर घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, खरंच. वजन करायची पद्धत सोपी, घरच्या काट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन, फरक काढा. बॅग घ्यायच्या आधीच हे करायचं, जुन्या कुठल्याही पिशवीत सगळं सामान भरून, आणि मग ती पिशवी एका खांद्यावर घेऊन घरातून बाहेर पडा आणि वीस मिनिटं चाला. परत येताना खांदा बदलावा लागला का? लागला तर बॅगेची साइज नंतर, आधी यादी लहान करा.

आता येऊ लिटरवर, कारण शेवटी कंपन्या तेच छापतात. माझा ढोबळ अंदाज असा. खिशातला किंवा एक्स१००सारखा कॅमेरा, टॅबलेट, पाकीट आणि एक पुस्तक असा संसार असेल तर ५ ते ७ लिटर, त्याहून मोठी घेऊ नका, मोकळी जागा कॅमेऱ्याला आदळायला मदत करते. १३-१४ इंची लॅपटॉप, मिररलेस आणि एक जास्तीची लेन्स असेल तर ९ ते ११. लॅपटॉप १५-१६ इंची किंवा फुल फ्रेमवर मोठी झूम असेल तर १३ ते १५, आणि ही माझ्या हिशोबाने मेसेंजरची शेवटची साइज. त्याच्या वर जे विकतात ते मी खांद्यावरची सूटकेस समजतो, तेवढं सामान रोज असेल तर बॅकपॅक घ्या, दोन्ही खांदे कामाला लागतील. दोन साइजमध्ये अडकलात तर लहान घ्या. मोठी घेतली की ती भरते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे आणि मी ज्यांना ज्यांना मोठी घेताना बघितलं त्यांचाही.

मॉडेलच्या नावातल्या आकड्यांवर जाऊ नका. डोमकीच्या एफ-२ आणि एफ-६ या दोन कॅनव्हास बॅगा घ्या, आकडा बघून वाटेल एफ-६ मोठी, प्रत्यक्षात ती एफ-२ पेक्षा लहान आहे. स्मॉल-मीडियम-लार्जचंही तसंच, एका कंपनीचं मीडियम दुसरीचं लार्ज निघतं. फक्त सेंमी बघायचे, आणि ते पण आतले. बाहेरचं माप मोठं दिसतं आणि जाहिरातीत तेच असतं, जाड पॅडिंगच्या बॅगेत आत-बाहेर फरक प्रत्येक दिशेला दोन-तीन सेंमी सहज निघतो. फक्त बाहेरचंच माप दिलं असेल तर रुंदी, उंची, जाडी तिन्हीतून अडीच-अडीच वजा करून आपल्या आकड्यांशी ताडून बघा.

डोमकीचा विषय निघालाच आहे तर, ती एफ-२ जिम डोमकी नावाच्या फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्र फोटोग्राफरने १९७० च्या दशकात स्वतःच्या कामासाठी बनवली होती, आणि तिची खासियत हीच की ती मऊ आहे, अंगाला वळते. बिलिंगहॅम ही इंग्लंडची कंपनी १९७३ साली मासेमारीच्या बॅगांपासून सुरू झाली आणि मग फोटोग्राफर लोक त्या बॅगा कॅमेऱ्यासाठी घ्यायला लागले. मला या दोन्ही गोष्टी आवडतात कारण त्यातून एक उपयोगाचं कळतं, रोजच्या बॅगेला कडक डब्याची गरज नसते. मऊ कापडाची ११ लिटरची बॅग अर्धी रिकामी असताना चपटी होते आणि कडक सांगाड्याची तेवढीच बॅग रिकामी असली तरी जागा अडवते. गर्दीतून प्रवास असेल तर मऊ घ्या. कॅमेरा जिथे आदळण्याची भीती जास्त, म्हणजे गाडीच्या डिकीत वगैरे, तिथे कडक ठीक.

पट्टा कसा आहे यावर तीच बॅग लहान किंवा मोठी वाटते, हे मला आधी पटलं नव्हतं. मेसेंजर हे नावच मुळी सायकलवरून टपाल-पार्सल पोचवणाऱ्यांच्या बॅगेवरून आलंय, एक पट्टा तिरका छातीवरून, बॅग पाठीवर उंच, आणि काही काढायचं झालं की बॅग न उतरवता पुढे फिरवायची. तर ती अशीच घालायची असते, तिरकी आणि वर. पट्टा लांब सोडून बॅग मांडीवर आपटत चालणारे खूप दिसतात, तेवढ्याच वजनाचा त्रास दुप्पट वाटतो. बॅगेचा तळ कमरेच्या हाडाच्या थोडा खाली, त्याहून खाली नको. पट्टा ४-५ सेंमी रुंद हवा, पॅड असेल तर ते खांद्यावर जिथे हवं तिथे सरकवता आलं पाहिजे, आणि लांबी एका हाताने कमी-जास्त होते का ते बघा, कारण चालताना घट्ट आणि फोटो काढताना सैल असं दिवसातून दहा वेळा करावं लागतं. सायकल चालवत असाल तर काखेखालून किंवा कमरेवरून येणारा दुसरा बारीक पट्टा असायलाच पाहिजे, नाहीतर वळताना बॅग पोटावर येते आणि ते धोक्याचं आहे.

फ्लॅपबद्दल थोडक्यात. फ्लॅप उघडल्याशिवाय वरच्या झिपमधून हात घालता येत असेल तर फार सोय होते, कॅमेरा तिथून निघतो का मात्र तपासा, काही बॅगांत झिप आहे पण तोंड इतकं अरुंद की कॅमेरा कोपऱ्यावर अडकतो. वेल्क्रोचा आवाज मीटिंगमध्ये, कार्यक्रमात नको वाटतो, थिंक टँकच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगांमध्ये वेल्क्रो झाकायला एक कापडाची पट्टी दिलेली असते, ती कल्पना चांगली आहे. नुसत्या चुंबकावर बंद होणारी बॅग गर्दीत मला नको वाटते, बक्कल किंवा हुक असलेली बरी. आणि चालताना फ्लॅपची बाजू बाहेर, झिप हाताच्या टप्प्यात.

तुमच्याकडे आधीच एखादी आवडती साधी मेसेंजर असेल तर नवी घ्यायची गरज कदाचित नाहीच. कॅमेऱ्याचे नुसते इन्सर्ट मिळतात, फोमचा डबा आणि आत हलवता येणारे डिव्हायडर. इन्सर्ट घेताना बाहेरचं माप बघायचं, बॅगेच्या आतल्या मापापेक्षा एखादा सेंमी कमी, फार सैल असेल तर ते बॅगेत तिरकं होतं. ज्या दिवशी कॅमेरा नको त्या दिवशी इन्सर्ट काढलं की ऑफिसची बॅग परत मिळाली. फक्त जाडीचा हिशोब इथेही तोच, बॅग आतून ११-१२ सेंमी नसेल तर फुल फ्रेमचं इन्सर्ट त्यात कोंबू नका.

कापड आणि पाऊस यावर मी जास्त लांबण लावत नाही. कॉर्डुरा किंवा कुठल्याही नायलॉनवर जो डेनियर लिहिलेला असतो तो म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये, म्हणजे १००० डेनियर जाड आणि टिकाऊ पण बॅग जड, ५०० डेनियर रोजच्यासाठी पुरतं. मेणाचं कॅनव्हास सुंदर दिसतं आणि पाणी झटकतं, पण जड असतं. फ्लॅप बाजूंनीसुद्धा खाली येऊन कोपरे झाकतो का ते बघा, पाणी बहुतेक वेळा कोपऱ्यातूनच शिरतं. आणि भिजून आलात की कॅमेरा बॅगेतून बाहेर काढून ठेवा, ओल्या बंद बॅगेत लेन्सला बुरशी धरते.

दुकानात जाऊन घेणार असाल तर तुमचं सगळं सामान सोबत न्या, लाजू नका, खरा लॅपटॉप आणि खरा कॅमेरा घालूनच बघा. कागदाच्या बोळ्यांनी भरलेली बॅग सगळ्यांना छानच बसते. भरून खांद्यावर घ्या आणि चार गोष्टी करून बघा, जिना चढा-उतरा, खाली बसून फोटो काढताना बसतो तसे उकिडवे बसा, खुर्चीत बसून बॅग मांडीवर घ्या, आणि पुढे वाका. वाकताना बॅग सरकून पुढे आली तर एकतर पट्टा सैल आहे किंवा बॅग तुमच्या अंगापेक्षा रुंद आहे. बुटक्या किंवा बारीक अंगाच्या माणसाला ४२-४३ सेंमी रुंद बॅग पाठीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येते, तेव्हा लॅपटॉप उभा ठेवायची उंच-अरुंद मेसेंजर बघा, तीच जागा पण अंगात मावते. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत किती ते आधी वाचा, आणि आली की त्याच दिवशी हे सगळं घरात करा.

बॅग आणल्यावर घरात हे सगळं करूनही मन भरलं नसेल तर पहिला आठवडा टॅग न काढता जपून वापरा, परत करायचे नियम तेवढी मुभा देत असतील तर. डिव्हायडर पहिल्या दिवशी जसे लावले तसे राहणार नाहीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात आपोआप कुठे जातो ते कळतं, मग कॅमेरा त्या बाजूला आणा, उजव्या हाताने ग्रिप धरून सरळ वर निघाला पाहिजे. आठवड्याच्या शेवटी बॅग पूर्ण उलटी करा, खिसे पण, सगळं टेबलावर. ज्याला एकदाही हात लागला नाही ते बाजूला ठेवा, उरलेलं परत भरा, आणि बॅग काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. महिन्याभराने परत ठेवा. अर्धा-पाऊण किलो वाढलेला असतोच, तो कुठून आला ते शोधून काढून टाका.